जागा न मिळालेली नावं

नकाशावर नावं लिहिणं हे भांडणं सोडवायचं काम आहे. घरच्या फोटोत सगळ्यांनाच पुढे उभं राहायचं असतं, तसं प्रत्येक नावाला आपल्या ठिपक्याच्या उजवीकडे, जरा वरच्या अंगाला जागा हवी असते. दोन ठिपके जवळ आले की झाली सुरुवात. पूर्वी ही भांडणं मी कागदावर, पट्टी आणि पेन घेऊन सोडवायचे. आता सॉफ्टवेअर सोडवतं आणि ते कुणाची भीड ठेवत नाही. ज्या नावाला आपण वरचा क्रमांक दिला, त्याला आधी जागा. शेवटी ज्याला जागा मिळत नाही, त्याचं नाव ते लिहीतच नाही. विचारत नाही, सांगत नाही. आपल्याला बघायचंच असेल तर एक बटण आहे. ते चालू ठेवलं की राहून गेलेली नावं लाल रंगात दिसतात.

त्या दिवशी ते बटण मी बंद केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सॉफ्टवेअरला नावं ठेवायला लागले तर तुम्ही ऐकून घेणार नाही.

सकाळी साडेनऊला हुकूम आला. वरचं धरण काठोकाठ भरलं होतं, चार वाजता दरवाजे उचलणार होते. त्याआधी नदीकाठच्या सगळ्या सखल वस्त्या रिकाम्या करून माणसं उंचावरच्या शाळेत न्यायची होती. चौदा बस, चौदा ड्रायव्हर, आणि प्रत्येकाच्या हातात आमच्या खोलीतून निघालेला नकाशा. पूर्वी वस्त्यांची यादी वेगळी असायची आणि नकाशा वेगळा. दोन्ही कधी जुळायचे नाहीत आणि दर वेळी खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. कंटाळून साहेबांनी गेल्या वर्षी यादीच बंद केली. नकाशा हीच यादी, असं ठरलं. ही मागणी माझीच होती आणि ती मान्य झाली म्हणून मी आठवडाभर मान ताठ करून फिरले होते.

माझी आई त्याच सखल भागात राहायची, वीटभट्टीच्या वस्तीत, भाऊ आणि वहिनीकडे. भाऊ कामासाठी महिनाभर बाहेरगावी होता. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच प्रवास करते. मी वहिनींना फोन करून सांगितलं, आईला तयार ठेवा, बारापर्यंत बस येईल. वहिनींचं आणि माझं वीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही, पण त्यांनीही मुकाट्याने बरं म्हटलं.

अकराच्या आत नकाशा छापायचा होता. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरची लाल नावं बघून म्हणाले, हे काय पुरळ उठल्यासारखं, ड्रायव्हर घाबरतील. मी म्हटलं, ती बसवायची राहिलीत, बसवते. आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून तेवढ्यापुरतं बटण बंद केलं. आधी नदीचं नाव लिहू, मग ही बघू, असा माझा बेत होता.

नदीचं नाव हा माझा लाडका भाग. ते सरळ लिहायचं नसतं, पाण्याच्या वळणाबरोबर वळवायचं असतं, निळं, तिरकं, अक्षरांत हवा ठेवून. आपल्या लिपीत त्यातही कटकट फार. अक्षर एका कोनात वळतं आणि त्याची वेलांटी भलतीकडेच लोंबकळते. म्हणून ते मी हाताने बसवते. भोवती पांढरी कड देते, म्हणजे खालच्या रेघांत अक्षर हरवत नाही. पंचवीस मिनिटं मी त्यात घालवली. गावं रिकामी करायच्या दिवशी, घड्याळ डोक्यावर असताना, मी नदीचं नाव सजवत बसले. त्याला सगळ्यांत वरचा क्रमांकही दिला, कुठलं फुटकळ नाव मध्ये येऊन अक्षर तुटायला नको म्हणून. साहेब बघून म्हणाले, "वा, याला म्हणतात हात." मी फुलले. आणि छापायची आज्ञा दिली.

लाल नावं डोक्यातून साफ निघून गेली होती.

बारा वाजता मी वर नियंत्रण कक्षात गेले. भिंतीवर माझा नकाशा लावलेला. वायरलेसवर बसलेल्या बाई आमच्या ऑफिसात सगळ्यांत शांत, त्यांच्या हातात लाल पेन्सिल. वस्ती रिकामी झाली की ड्रायव्हर नाव सांगायचा, बाई ते नाव खोडायच्या. काम अगदी चोख चाललं होतं. एकेक नाव जात होतं आणि साहेबांच्या खांद्यांचा ताण उतरत होता. मी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभी होते. बारापासून दोनदा वहिनींना फोन लावला, लागला नाही. शाळेच्या इमारतीत उतरले असतील, गडबड असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाईंनी शेवटचं नाव खोडलं. साहेबांनी लगेच धरणावरच्या इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर म्हणत होता, पाणी अंदाजापेक्षा लवकर चढतंय. खालच्या वस्त्या खरंच रिकाम्या असतील, तर चारची वाट कशाला बघायची, अडीचलाच दरवाजे उचलतो. साहेब नकाशाकडे बघत होते. एकही नाव शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन लागला. मी खिडकीकडे वळून हळू आवाजात विचारलं, पोचलात का, आईला नीट उतरवलं का?

"कुठे उतरवणार?" वहिनी म्हणाल्या. "बाराला दाराशी गाठोडी आणून बसलोय सगळे. अजून बस कुठंय तुमची?"

मला आधी आला तो राग. सात नंबरच्या ड्रायव्हरकडे तो पट्टा होता. मी वायरलेसवर जवळजवळ धाडच घातली. वीटभट्टी का सोडली म्हणून त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा जुना माणूस, शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझ्या कागदावर वीटभट्टी नाहीच. मला वाटलं, ती मंडळी आधीच हलवली असतील."

मी भिंतीपाशी गेले. जिथे वीटभट्टी असायला हवी होती, तिथे नदीच्या नावातलं एक निळं, देखणं, हवेशीर अक्षर होतं. त्याच्या पांढऱ्या कडेखाली घरांचे राखाडी ठिपके, मुंगीएवढे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आईच्या घरावर मी स्वतःच्या हाताने नदी लिहिली होती.

साहेब फोनवर म्हणत होते, "हो, सगळं रिकामं आहे, तुम्ही..."

"थांबवा," मी म्हटलं. "वीटभट्टी रिकामी नाही. मी आत्ता बोलले तिथल्या माणसाशी."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. मी त्यांना काही विचारू दिलं नाही, शेजारच्या संगणकावर नकाशा उघडला आणि ते बटण दाबलं. घाईत दोनदा चुकीच्या जागी दाबलं. मग लाल अक्षरं आली. वीटभट्टी. आणि तिच्या पलीकडे, नदीच्या दुसऱ्या वळणावर, पाणचक्की. एक नाही, दोन वस्त्या मी गिळल्या होत्या.

ही चूक माझी आहे, नावं मी गाळली, हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. वाटलं होतं, साहेब ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सरळ फोनवर इंजिनिअरशी बोलायला लागले. गयावया करून त्यांनी साडेतीनपर्यंतचा वेळ मिळवला. त्यापुढे एक मिनिट नाही, नाहीतर धरणच धोक्यात, असं इंजिनिअरने बजावलं.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सात नंबर वरच्या रस्त्याला होता, जिथून दोन फाटे खाली उतरतात, एक वीटभट्टीला, एक पाणचक्कीला. बाकीच्या बस शाळेकडे माणसं उतरवत होत्या. त्यातली जवळची चार नंबर. तिला वरच्या रस्त्याला यायलाच सव्वातीन होणार, म्हणजे तिने खाली उतरण्यात अर्थ नव्हता. फाटा उतरायचा, माणसं भरायची, चढून यायचं, यात पाऊण तास जाणार. सात नंबरच्या हातात एकच फेरी होती.

"मॅडम," वायरलेसवरून आवाज आला, "आधी कुठं जाऊ?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नदीकाठची उंची, कुठे पाणी आधी पोचतं, हे त्या खोलीत मलाच माहीत होतं. आणि माझी आई वीटभट्टीत आहे हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी वीटभट्टी म्हटलं असतं, तर कुणी का म्हणून विचारलं नसतं. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण मी ते नाव जिभेवर घेतलं होतं. संपूर्ण सकाळ मी नावांना क्रमांक वाटत होते, कोण आधी, कोण नंतर, आणि त्यात मला मजा येत होती.

पाणचक्की दोन मीटर खाली आहे. तिथे चौतीस माणसं. वीटभट्टीत तेवीस.

"पाणचक्की," मी म्हटलं. बाईंनी तो शब्द वायरलेसवर पुढे दिला. सात नंबर निघाला.

मी जिन्यात जाऊन वहिनींना फोन केला. तेव्हा मात्र मला नीट बोलता येईना. कसंबसं सांगितलं की बस खाली येऊ शकत नाही, साडेतीनच्या आत सगळ्यांना घेऊन वरच्या रस्त्याला पोचा. मध्ये रस्ता खोलगट आहे, तो आधी पार करा, पाणी तिथेच आधी भरेल. सामान टाका. आईला विटांच्या हातगाडीवर गादी घालून झोपवा आणि ढकला.

वहिनी तोंडाने फटकळ आहेत. मी काहीतरी ऐकायच्या तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ आहे?"

"तासभर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. वीस वर्षांत त्या माझ्याशी इतकं कमी कधी बोलल्या नव्हत्या.

मी परत वर गेले. कुणी मला बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. वायरलेसवाल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशात ती दोन नावं हाताने लिहिली, नदीच्या नावावरच. तीनला सात नंबरचा निरोप आला, माणसं भरतोय, एक म्हातारा कोंबड्या सोडायला तयार नाही. तीन बाराला आला, चौतीस घेतले, चढतोय. बाईंनी एक नाव खोडलं. तीन वीसला चार नंबर वरच्या रस्त्याला पोचली आणि म्हणाली, इथे कुणीच नाही.

मी वहिनींना फोन लावत राहिले. वाजत होता, उचलत नव्हतं कुणी. हातगाडी ढकलताना कोण फोन उचलेल, हे मला कळत होतं, तरी लावत होते. साहेबांनी इंजिनिअरला आणखी दहा मिनिटं मागून पाहिली. त्याने नाही म्हटलं. साडेतीनला त्याने दरवाजे उचलले.

तिथून खोलगट भागात पाणी यायला वीस मिनिटं लागतात. हा आकडा मीच कधीतरी अहवालात लिहिला होता. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी घड्याळाकडेच बघत बसले. साहेब हळूच म्हणाले, तिथे तुमचं कुणी आहे का? मी मान हलवून हो म्हटलं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि बसून राहिले.

तीन छप्पन्नला चार नंबर बोलली. माणसं दिसतायत, मोजतो.

बाईंनी पेन्सिल हातात घेतली पण नकाशावर टेकवली नाही. ड्रायव्हर एकेक मोजत होता, मध्येच कुणाला तरी सांभाळून म्हणत होता. एकवीस, बावीस. मग बराच वेळ नुसती खरखर.

"आणि हातगाडीवर एक आजी," तो म्हणाला. "तेवीस."

मी रडले. चारचौघांत, नाक ओढत, वाईट रडले. बाईंनी दुसरं नाव खोडलं आणि मला पाणी दिलं.

पाच मिनिटांनी वहिनींचा फोन आला. धाप लागलेली, मागे लोकांचा गलका. गुडघ्याएवढ्या पाण्यातून खोलगटातला शेवटचा चढ चढलो, म्हणाल्या. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, नावं कशी गाळली, मग बस आधी कुठे पाठवली आणि का.

"तिकडे किती होते?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

"मग बरोबर केलंत." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण वन्सं, आईंना यातलं काही सांगू नका. एकच्या सुमारास चार-पाच घरं पायी निघाली होती. आईंनीच त्यांना परत बसवलं. म्हणाल्या, माझी मुलगी नकाशा काढते, पहिली बस आपल्याकडेच येणार, उन्हात कशाला चालता. आत्ताही मी त्यांना, बस वर आपलीच वाट बघतेय, असं सांगूनच गाडीवर चढवलं."

तेवढ्यात आईने फोन मागून घेतला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती ओरडूनच बोलते.

"काय गं, पहिली बस आमच्याकडेच पाठवलीस ना?"

"हो आई," मी म्हटलं. "पहिली तुमच्याकडेच."

"बघा," ती तिकडे सगळ्यांना म्हणाली, "सांगत नव्हते मी?"