मेलेल्या मामाचं वाक्य

माझा मामा सिनेमात मरतो. पोटापाण्यासाठी तो दारं-खिडक्या बसवतो, पण तरुणपणी एका युद्धपटात त्याने खंदकातून डोकं वर काढलं आणि गोळी खाल्ली. तो सिनेमा असा गाजला की अजूनही टीव्हीवर लागला की आमच्या घरात "या रे, मामा मरतोय!" अशी हाकाटी होते. मरताना तोंडातून एक शब्द नाही, हीच त्याची खंत. "निदान ओरडू तरी द्यायचं!" तो म्हणायचा.

यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला आणि मामाला बोलावणं आलं. या खेपेला वाक्य होतं: "साहेब, पूल अजून आपलाच आहे." मामाने ते रंधा मारताना घोकलं, जेवताना म्हटलं, झोपेत बरळलं. मामी वैतागली. "पूल तुमचाच हो. आता ताट उचला." पण शूटिंगहून परतल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं की अशी वाक्यं संकलनात हमखास कापली जातात. मामाचा चेहरा पडला तो पडलाच.

पहिल्याच दिवशी आम्ही सगळे थिएटरात हजर. सिनेमा कसला, नुसता वैताग! जुन्यात माणसं खरोखर कुडकुडत होती, इथे चिखलसुद्धा इस्त्री केल्यासारखा. सेनापती तर प्रत्येक गोळीनंतर भाषण ठोकत होता. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या ओस पडल्या आणि आमच्या मागचा गृहस्थ चक्क घोरू लागला. शेवट जवळ आला तरी मामाचा पत्ता नव्हता. तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पडद्यावर धूर दाटला. धुरातून मामा आला, त्याने कडक सलाम ठोकला आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, पूल अजून आपलाच आहे!"

मागचा गृहस्थ दचकून जागा झाला. "अरे, हा तर पहिल्या भागात मेला होता!"

खरंच की! लेखक, दिग्दर्शक, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आम्ही त्याला घरबसल्या इतक्यांदा मरताना पाहिलं होतं, तरी आमच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. थिएटर खदखदून हसलं, आणि मग काय झालं कोण जाणे, टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या झाल्या. "वाचला रे वाचला!" कुणीतरी ओरडलं. सेनापतीचं पुढचं भाषण त्या गदारोळात वाहून गेलं. मी तर खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

बाहेर लोकांनी मामाला गराडा घातला. मागचा तो गृहस्थ त्याचा हात सोडेचना. "लहानपणी तुम्ही मेलात तेव्हा मी जेवलो नव्हतो हो. वाचलात तरी कसे?"

मामा उत्तर देणार, तेवढ्यात मामी पुढे झाली.

"मी मरू दिलं तर ना!"