माघातला बिनफुलांचा कुंद

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की कीर्तनातलं निम्मं हवेत जातं, आणि ही गोष्ट तर मी हळू आवाजातच सांगणार आहे. कीर्तनाच्या मध्यंतरात घडलेली आहे. ऐकून कुणाला हसू नका, एवढं आधीच मागून घेतो.

इकडे हिंदी मुलखात, नदीकाठच्या आमच्या रामघाटाच्या गल्लीत दोन घरांच्या गच्च्या लागून आहेत. मध्ये कमरेएवढा कठडा. एका गच्चीवर शरदिनीताईंची झाडं, दुसरीवर नरहरभाऊंची. शरदिनीताई म्हणजे आमच्या कीर्तनकार. सत्तरी उलटली, गुडघे बोलतात, पण झांज हातात आली की बाई वीस वर्षांनी लहान होते. नरहरभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. माणूस लाख मोलाचा, फक्त आपल्याला झाडांतलं सगळं कळतं असं त्यांना वाटायचं.

दोघांची झाडं निवडायची तऱ्हा वेगळी. नरहरभाऊ ऊन बघून निवडायचे. ज्येष्ठातली लू, ते गरम वारं, अंगावर घेऊन उभं राहील तेच झाड त्यांच्या गच्चीवर. म्हणून कण्हेर, तगर, जास्वंद आणि मोगरा. शरदिनीताई देव बघून निवडायच्या. गणपतीला जास्वंद, महादेवाला कुंद. ऊन लागलं तर जुनी साडी बांधून सावली करायच्या, पण झाड बदलायच्या नाहीत.

त्यातला कुंद त्यांच्या सासूबाईंनी लावलेला. माघात चतुर्थी येते ना, तिळकुंद चतुर्थी, त्या दिवशी ढुंढिराज गणपतीला तिळाचे लाडू आणि महादेवाला कुंदाची फुलं. ती फुलं ताई कधी विकत आणत नसत. पहाटे आपल्या हातांनी खुडायच्या, माळ ओवायच्या, महादेवाला वाहायच्या आणि संध्याकाळी गल्लीतल्या गणपतीपुढे कीर्तनाला उभ्या राहायच्या. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून हे चुकलं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे इंदूरला गेल्या. जाताना कठड्यावरून किल्ली दिली आणि म्हणाल्या, की भाऊ, नुसतं पाणी घाला, बाकी काही नको.

मार्गशीर्षात थंडी पडली. नरहरभाऊंनी आपला मोगरा छाटला. ते बरोबरच होतं, मोगऱ्याला थंडीत कापलं की उन्हाळ्यात तो नव्या फुटीवर लदबदून येतो. पण हातात छाटणीची कात्री, सिकेटर, असली की माणसाला थांबवत नाही. कठड्यापलीकडे कुंद दिसला, वाढलेला, लोंबलेला, शेजारच्या दोरीवर रेललेला. भाऊंच्या पत्नी गीतावहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी म्हटलं, ताईंना एक फोन तरी करा. भाऊंचं म्हणणं असं, की जाई, जुई, मोगरा, कुंद ही एकाच घराण्यातली पोरं, सगळ्यांचे केस एकाच दिवशी कापायचे, त्यात फोन कसला. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. गेले, आणि कुंद गुडघ्याएवढा करून आले. आळं साफ केलं, शेणखत घातलं. वर वहिनींना म्हणाले, ताई आल्या की बघ कशा खूश होतील.

आता तुम्ही झाडंवाले असाल तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल. कुंद मोगऱ्यासारखा नाही. पावसाळ्यात जे वाढतं, त्याच्याच शेंड्यांवर तो माघात फुलतो. त्याला कापायचं ते फुलं होऊन गेल्यावर. मार्गशीर्षात कापला म्हणजे त्या वर्षीची सगळी फुलं कचऱ्यात.

पौषात कुंदाला कोवळी पानं आली, कळी एक नाही. भाऊ रोज जाऊन बघायचे. मग कुठे तरी वाचलं, कुणाला तरी विचारलं आणि कळलं.

संक्रांतीनंतर ताई परत आल्या. नव्या डोळ्यांनी सगळं बघायचं म्हणून सामान दारात टाकून आधी गच्चीवर गेल्या. कुंदापाशी उभ्या राहिल्या. कठड्याशी नरहरभाऊ होते. ताईंनी काही विचारलंच नव्हतं, त्याआधी भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"बंदरांनी तोडला, ताई. पूर्ण टोळीच आली होती."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. पण तोवर ताई त्यांचे आभार मानत होत्या. म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून बाकीची झाडं तरी राहिली. आमच्याकडे बंदरांवर, म्हणजे माकडांवर, काहीही खपतं. चष्मे नेतात, पापड नेतात. कोण शंका घेणार?

एक खोटं सांगितलं की ते एकटं राहत नाही. ताई दर शनिवारी गच्चीच्या कोपऱ्यात बंदरांसाठी फुटाणे ठेवायच्या. त्यांना वाटलं, आपणच सवय लावली म्हणून ती आली. फुटाणे बंद केले. शनिवारी टोळी येऊन कोपऱ्यात बसायची, वाट बघायची, निघून जायची. नरहरभाऊ आपल्या गच्चीवरून ते बघायचे आणि आत जायचे.

मग ताईंनी ठरवलं, की हा कुंद आता आपल्याकडे ठेवायचा नाही. आपल्या गुडघ्यांनी राखण होत नाही, आणि सासूबाईंचं झाड बंदरांच्या हाती मरायला नको. भोसले घाटाजवळ ओळखीच्या सुनीतीबाई राहतात, त्यांच्या चौकाला वरून जाळी आहे, तिथे देऊन टाकायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गमला, म्हणजे कुंदाची कुंडी, गेलासुद्धा. खाली उतरवताना ताईंनी झाडाच्या बुडख्यावरून हात फिरवला आणि घरात गेल्या. नरहरभाऊंनी गमल्याला हात दिला होता, जिन्यावरून उतरवायला.

गीतावहिनी त्यांना म्हणाल्या, अजूनही वेळ आहे, खरं सांगून टाका. भाऊ म्हणाले, चतुर्थी होऊन जाऊ दे, उद्या त्यांचं कीर्तन आहे, मन कशाला मोडा. वहिनी म्हणाल्या, "मन त्यांचं मोडेल म्हणून नाही, नाक तुमचं कापलं जाईल म्हणून." आणि ताट उचलून आत गेल्या.

कीर्तनाला मी होतो. पुढेच, पेटीच्या बाजूला. त्या दिवशी ताईंचा आवाज काय लागला होता म्हणून सांगू. पूर्वरंग होता राखणीवर. आपला देह, आपलं घर, आपला श्वास, सगळं दुसऱ्याचं आहे, आपण फक्त राखणदार, असा विषय. दाखला देताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, लांब कशाला जायचं, दुसऱ्याची वस्तू स्वतःची मानून राखणारा माणूस माझ्या कठड्यापलीकडे राहतो. सगळ्या सभेने मान वळवून नरहरभाऊंकडे बघितलं. भाऊंनी खाली बघितलं. लोकांना वाटलं, काय विनय आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, मग आख्यान. दरवर्षी तो मान देवळाच्या पुजाऱ्यांचा. यंदा ताईंनीच सांगून ठेवलं होतं, की हार नरहरभाऊंच्या हातचा. हार बाजारचा होता, झेंडूचा.

भाऊ उठले. हार घेऊन ताईंसमोर उभे राहिले. पेटी वाजत होती. ताईंनी मान पुढे केली. भाऊंचे हात वर जाईनात. पेटीवाल्याने खूण केली, घाला. कुणी तरी मागून हिंदीत म्हणालं, अरे शरमा रहे हैं.

मग भाऊ हळूच बोलले. हळूच, पण ताईंच्या पुढे माईक होता, तो सगळ्यांना सांगून मोकळा झाला.

"बंदरं नव्हती, ताई. कुंद मी कापला. आणि खोटं बोललो."

पेटी थांबली. ताई तशाच उभ्या, मान थोडी पुढे झुकलेली. मला वाटलं आता रागावतील, मग वाटलं रडतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"आणि मी त्या मुक्या जिवांना इतके शनिवार उपाशी पाठवलं?"

भाऊंनी होय म्हटलं. ते होय ऐकवत नव्हतं. बायका पदराआड कुजबुजायला लागल्या. गीतावहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"घाला हार," ताई म्हणाल्या. "कीर्तन अर्धं टाकता येत नाही."

भाऊंनी हार घातला. बुक्का लावताना निम्मा ताईंच्या पदरावर सांडला. ताईंनी तो झटकला नाही. झांज उचलली आणि आख्यान सुरू केलं.

आणि ऐका, मी जन्मभर कीर्तनं ऐकली आहेत. ताजा प्रसंग हाती लागला की भला कीर्तनकार सोडत नाही, टाळी हमखास असते. ताईंनी त्या आख्यानात नरहरभाऊंना शब्दाने स्पर्श केला नाही. टोमणा नाही, क्षमेचं प्रवचनही नाही. भाऊ समोर बसून वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आलं नाही. आरती झाली तेव्हा ते मला म्हणाले, चार शब्द सुनावले असते तर घरी जाता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भोसले घाटाकडे गेले. सुनीतीबाईंनी विचारलं, दिलेलं झाड परत का. भाऊंनी कारण सांगितलं. सुनीतीबाईंच्या सासूबाईंना नीट ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. गमला गल्ल्यांतून नेणं जमेना म्हणून नाव केली. नाववाल्याने विचारलं, इतकं बोडकं झाड कशाला मिरवता, त्यालाही सांगितलं. रामघाटाच्या पायऱ्यांवर ओळखीची माणसं भेटली. कुणाला म्हणून टाळलं नाही.

ताईंनी दार उघडलं. कुंद जिथे होता तिथे ठेवून घेतला. चहा विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "फुटवा आला आहे. आता पुढचा माघ होईपर्यंत याला हात लावायचा नाही." भाऊ म्हणाले, लावणार नाही. मग त्या म्हणाल्या, पाणी मात्र घाला, मला बादली उचलवत नाही.

ते रोज पाणी घालतात. कीर्तनाला येतात, पण मागे, चपलांपाशी बसतात. बोलावलं तरी पुढे येत नाहीत. मी एकदा विचारलं, देवाकडे तुम्ही काही मागता की नाही. म्हणाले, कुंदासाठी मागतो, ताईंच्या गुडघ्यांसाठी मागतो, स्वतःसाठी मागायला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बसवलं. आज दिवा लावून हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर एक नाव जास्तीचं घ्या. रामघाटाचे नरहरभाऊ. एवढी त्यांची आठवण ठेवा.