लाल गालांचा सोबती

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंती रंगवणारा नव्हे, चेहऱ्याला फाउंडेशन लावणारा. माझ्या दांड्याचा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि आतलं लाकूड दिसू लागलं आहे. केस मात्र अजून दाट आहेत. आजवर मी किती गालांवरून फिरलो, याची मोजदाद माझ्याकडे नाही. पण दोन चेहरे मला कधीच विसरता येणार नाहीत. त्यांचीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या एका छोट्या गाळ्यात झाला. खालच्या मजल्यावर गाद्या शिवत आणि वरच्या मजल्यावर आम्ही तयार होत असू. नायलॉनच्या बारीक केसांची एक जुडी उचलली गेली, ती पत्र्याच्या नळीत घट्ट बसवली गेली, मागून गोंद आणि लाकडी दांडा आला. मग माझे केस वरून सपाट कापले गेले. शेवटी तिथल्या एका मावशींनी मला आपल्या मनगटावर आतल्या बाजूने टेकवून पाहिलं. पुन्हा टेकवलं. "हा मऊ झालाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "हा कोणाला टोचणार नाही." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

तिथून मी वसईच्या बाजारातल्या एका पार्लरमध्ये आलो. पार्लर प्रेमलता मॅडमचं होतं. वीस-बावीस वर्षं नवऱ्या नटवणाऱ्या बाई! त्यांनी मला आरशासमोरच्या उंच ग्लासात मानाने उभं केलं. लग्नसराईत मला क्षणाची उसंत नसे. "माझा उजवा हात आहे हा," असं त्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत. मी फुगून जात असे.

दोन लग्नसराया अशा गेल्या. मग एक दिवस मखमली पिशवीतून बारा नवे ब्रश आले. सोनेरी दांड्यांचे, झुपकेदार. मी ग्लासातून खालच्या खणात गेलो. तिथे कोणीतरी मला मुलतानी माती कालवायला घेतलं आणि न धुताच परत टाकून दिलं. माती वाळली. माझे केस दगडासारखे झाले. अंधाऱ्या खणात तुटक्या पिना आणि रिकाम्या बाटल्यांबरोबर मी आठ महिने पडून होतो. आपण मऊ होतो हेही मी विसरत चाललो होतो.

अशात सुरुची पार्लरमध्ये कामाला लागली. वय बावीस. आचोळ्याला एका चाळवजा बिल्डिंगमध्ये आईवडिलांबरोबर राहायची. भुवया कोरणं, केस धुणं, टॉवेल वाळत घालणं ही तिची कामं. हात फार हलका. पण तिचे दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी कायम लाल असत. ती लाजली म्हणून नव्हे. तिची त्वचाच तशी होती. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, ऊन आणि तिखट टाळायला सांगितलं होतं, आणि हे येत-जात राहील असंही स्पष्ट सांगितलं होतं.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना धंद्याची काळजी. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ सुरुची, राग मानू नकोस. कस्टमर आली की तू जरा मागेच थांबत जा. आपलाच चेहरा असा दिसला, तर समोरची बाई आपल्या हातात तिचा चेहरा कशी देईल?"

"हो मॅडम," सुरुची म्हणाली. त्या दिवशी तिने मागच्या खोलीतले सगळे खण साफ केले. बहुतेक भरलेले डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून. त्याच साफसफाईत मी तिच्या हाती लागलो.

"मॅडम, हा ब्रश मी घेऊ का?"

"तो? अगं, नुसती माती झालीय त्याची. घे, हवा तर."

घरी नेऊन तिने मला कोमट पाण्यात धरलं. फक्त केस बुडतील इतकंच, दांड्याचा गोंद सुटू नये म्हणून. लहान बाळांच्या शाम्पूने एकदा धुतलं, दोनदा, तीनदा. पाणी गढूळ येत राहिलं आणि ती न कंटाळता धूत राहिली. मग टॉवेलवर मला आडवं निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गालाला लावलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मी पुन्हा मऊ झालो होतो.

त्या दिवसापासून आम्हा दोघांचं शिक्षण सुरू झालं. शिक्षक कोणी नव्हता. आरसा होता आणि मोबाइलवर पाहिलेलं थोडंफार होतं. पहिल्या दिवशी तिने मला गालावर खसाखसा घासलं. लाली झाकायची सोडून दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी तिने फाउंडेशनचा जाड थर दिला. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"काय गं हे? चुना फासल्यासारखं दिसतंय!"

"हस तू," सुरुची म्हणाली. तिने सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

हळूहळू एकेक गोष्ट उमगत गेली. लाल रंगाला हिरवा रंग निववतो, हे तिने वाचलं. तिने हिरव्या करेक्टरची, म्हणजे लाली झाकणाऱ्या क्रीमची, छोटी डबी आणली. आई घाबरून म्हणाली, "आता हिरवं लावणार तोंडाला?" पण मोहरीएवढाच ठिपका घेऊन तो लालीवर थोपटला आणि मिनिटभर थांबलं, की खालची लाली शांत होते. मग वर फाउंडेशनचा अगदी पातळ हात. रंग निवडायचा तो जबड्यावर लावून बघून, मनगटावर नव्हे. आणि घासायचं नाही. टप, टप, टप. मला उभं धरून नुसतं थोपटायचं, कानापर्यंत आणि मानेपर्यंत, जिथे मेकअप संपतो ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत.

चार महिने गेले. एका रविवारी तिचे वडील, हरिश्चंद्रराव, चहा पीत बसले होते. त्यांनी मुलीकडे नीट निरखून पाहिलं.

"डॉक्टरांनी औषध बदललं का गं? बरंच उतरलंय."

"नाही पप्पा. मेकअप केलाय."

"कुठे?"

मित्रांनो, त्या एका 'कुठे'ची बरोबरी कोणत्याही बक्षिसाला येणार नाही. सुरुचीने मला हातात घेऊन घरभर गिरक्या मारल्या.

नाताळ झाला आणि लग्नं सुरू झाली. वसईजवळच्या एका गावातून मॅडमना बोलावणं आलं. नवरीचं नाव मर्लिन. शाळेत शिकवायची. केळीच्या बागेला लागून त्यांचं घर होतं. नवऱ्या मुलाचं नाव लुईस. सुरुचीला पिना आणि टॉवेल सांभाळायला बरोबर घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी मला धुऊन, वाळवून तिने आपल्या पिशवीत ठेवलं. नवरीसाठी नव्हे, सवय म्हणून. सकाळी स्वतःचा मेकअप तिने बोटांनीच थोपटला.

खोलीत माणसंच माणसं. पंखा बंद, कारण कोणाचे तरी केस उडत होते. वर व्हिडिओवाल्याचा दिवा. मर्लिनची त्वचा सुरुचीसारखीच निघाली. त्यात आदल्या दिवशी कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने खरखरीत स्क्रबने चेहरा घासला होता. गाल पेटले होते.

मॅडमनी सोनेरी ब्रशने फाउंडेशन लावलं. लाली वर आली. त्यांनी आणखी लावलं. तेही भेदून लाली वर आली. मग पावडर, मग पुन्हा फाउंडेशन. शेवटी नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडल्या आणि चेहरा राखेसारखा दिसू लागला.

मर्लिनने आरशात पाहिलं.

"मी अशी चर्चमध्ये नाही जाणार," ती म्हणाली. "लुईस मला ओळखणार पण नाही. काढा हे सगळं." आणि ती रडू लागली. रडल्यावर उरलीसुरली कसरही भरून निघाली.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या लग्नाच्या प्रार्थनेला, सव्वा तास उरला होता. अंगणात बँडवाले येऊन थांबले होते. मर्लिनची मावशी, ज्युली आंटी, दारात उभी राहून हात चोळत होती. "आता काय करायचं गो, बाय?" मॅडम सोनेरी ब्रश हातात धरून एकेक डबी उघडून पाहत होत्या. बावीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

मागून सुरुचीचा आवाज आला. "मॅडम, मी करून बघू?"

"तू पिना सांभाळ!"

सुरुचीने ओला कापूस उचलला आणि स्वतःचा डावा गाल पुसून काढला. पूर्ण. खालून तो लालभडक गाल उघडा पडला. ज्या चेहऱ्यासाठी तिला मागे थांबायला सांगितलं होतं, तो घेऊन ती सगळ्यांच्या मध्ये, दिव्याखाली येऊन उभी राहिली.

"ताई, बघा," ती मर्लिनला म्हणाली. "माझंही असंच आहे. रोजचं."

मर्लिनचं रडणं थांबलं. तिने एका गालाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"आग होते?"

"उन्हात खूप."

"माझी पण." मर्लिनने डोळे पुसले. "कर तू."

सुरुची मॅडमकडे वळली. मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. मॅडमनी ब्रश खाली ठेवला, पदर खोचला आणि विचारलं, "बर्फ आणू?"

"बर्फ नको मॅडम. नुसतं गार पाणी, मऊ फडकं. आणि पंखा लावा."

खोली रिकामी झाली. दिवा विझला, खिडक्या उघडल्या, केळीच्या पानांवरचा वारा आत आला. सुरुचीने सगळे थर हलक्या हाताने उतरवले. गार फडकं गालांवर ठेवलं, साधं क्रीम लावलं आणि दहा मिनिटं नुसती वाट पाहिली. त्या दहा मिनिटांत ज्युली आंटी चार वेळा डोकावली. "झालं का गो?" आणि मॅडम, माझ्या प्रेमलता मॅडम, दारातून म्हणाल्या, "तिला तिचं काम करू दे."

मग सुरुचीने मला पिशवीतून काढलं.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. त्या गालावर एक केस जरी टोचला असता, तरी लाली पुन्हा उसळली असती. हिरव्याचा ठिपका पडला. मी टेकलो. टप, टप, टप. लाली निवली. जबड्याला जुळणारा रंग आला, पाण्यासारखा पातळ. मी गालावरून नाकाकडे, हनुवटीकडे, कानामागे, मानेकडे गेलो. जिथे गरज नव्हती तिथे सुरुचीने मला नेलंच नाही. मॅडम गार पाण्याची वाटी धरून शेजारी उभ्या होत्या आणि माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

मर्लिनने आरसा घेतला. "अय्या, माझा तीळ दिसतोय!" ती ओरडली. "ही मीच आहे!"

तिचे वडील फेबियन सूट घालून दारात आले. मुलीला पाहून त्यांनी खिशातला रुमाल काढला. "रडू नको बाय," ते म्हणाले. "मी पण रडत नाही. नाहीतर या पोरीला पुन्हा सगळं करावं लागेल." दारात जमलेले सगळे हसले. बाहेर बँड असा वाजू लागला, की माझ्या दांड्यापर्यंत कंप आला.

मिस्साला आम्ही पाच मिनिटं आधी पोहोचलो. मर्लिन ताठ मानेने आत गेली. मिस्सा संपला. बाहेर उन्हात फोटो झाले, मिठ्या झाल्या, घाम टिपला गेला, तरी तिचा चेहरा तसाच ताजा होता. लुईस तिच्याकडे पाहत होता आणि फोटोवाला त्याला "इकडे बघा, इकडे!" म्हणून थकला.

तेवढ्यात एका बाईंनी सुरुचीला विचारलं, "तुझा हा गाल असा आणि हा असा, हे कसं गं?"

सुरुचीचा हात गालावर गेला. घाईत ती स्वतःचा चेहरा पुरता विसरली होती. अर्धा मेकअप केलेला, अर्धा लाल, अशीच ती भर चर्चमध्ये, शेकडो माणसांत वावरली होती! क्षणभर मला वाटलं, ती आता तोंड लपवेल. पण ती मोठ्याने हसली.

"काकू, दोन्ही माझेच आहेत. एकावर काम केलंय, एवढंच."

आणि मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही आमची सुरुची. नवरीचा मेकअप हिने केलाय." त्या दिवशी चर्चच्या अंगणातच सात बायकांनी तिचा नंबर घेतला.

आता सुरुचीची खुर्ची पार्लरच्या दर्शनी खिडकीत आहे. विरारहून, नालासोपाऱ्याहून मुली येतात. ती आधी डॉक्टरांना दाखवलंय का ते विचारते, मगच हात लावते. मेकअपशिवाय यावंसं वाटलं त्या दिवशी ती तशीच कामाला येते, आणि कोणी तिला मागे थांबायला सांगत नाही. गिऱ्हाइकांसाठी तिच्याकडे नवे ब्रश आहेत. मी फक्त तिच्या चेहऱ्यासाठी.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, रंगाचा, दाढीचा नाहीतर मेकअपचा. काम झालं की त्याला धुवा, आडवा वाळवा, कोंदट खणात फेकू नका. केस कडक झाले तरी घाईने टाकू नका. तीन वेळा धुऊन पाहा. आणि कोणाच्याही चेहऱ्याजवळ जाल तेव्हा, हाताने असो की शब्दाने, घासू नका. थोपटा. मी साध्या नायलॉनच्या केसांचा आहे. मला जे जमलं, ते तुमच्या बोटांना नक्कीच जमेल.