बुटातला हिरडा

मी एक जुना फौजी बूट आहे मित्रांनो, आणि तोही डाव्या पायाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण परेडला पहिलं पाऊल डाव्याचंच पडतं.

लखमाच्या नोकरीतली शेवटची जोडी आम्ही. काय दिवस होते! रोज पहाटे ब्रश, मग पॉलिश, मग फडका. सुभेदारसाहेब तपासणीला वाकले की माझ्या टोकावर त्यांना स्वतःच्या मिशा दिसायच्या. पेन्शन झाल्यावर लखमा आम्हाला घालूनच धसईजवळच्या आपल्या वाडीत आला. तिथंही पॉलिश चुकलं नाही. धसईच्या बाजारात त्याच्याच पलटणीतला मंगळू हाक मारायचा, "काय रे लखमा, भाजी घ्यायला पण लेफ्ट-राइट?" सगळे हसायचे. मी आणखी चमकायचो.

पुढं लखमाला शुगर निघाली. गोळ्या मनात आलं तर घ्यायचा. "दुखत नाय म्हंजे काय नाय," असं त्याचं ठरलेलं.

एकदा जनीकाकीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, अंगणात हिरडे वाळत घातले होते. त्यातला एक घरंगळत माझ्यात पडला. वाळलेला हिरडा म्हणजे दगडच, वर कंगोरे. लखमानं न बघता पाय घातला आणि बाजाराला निघाला. मला वाटलं, आता थांबेल, आता बूट काढून झटकेल. तो तसाच चालत राहिला. हिरडा तळव्यात रुतत होता आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

घरी आल्यावर जनीकाकी ओरडली, "अवो, मोजा रगतानं भिजलाय!"

"कुठं? दुखत तर नाय."

त्यानं हिरडा काढून फेकला. फडका घेतला आणि माझ्यावरचं रक्त पुसून मला पॉलिश केलं. मित्रांनो, बूट चकाचक झाला, पण तळवा उलटा करून त्यानं बघितलाच नाही.

थोड्याच दिवसांत जखमेला वास यायला लागला. तेव्हा मुरबाडला माजी सैनिकांसाठी आरोग्य शिबिर लागलं होतं. जनीकाकीनं त्याला ओढतच नेलं. तिथं हर्षाली सिस्टरनं त्याला डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "काका, तळव्याला दोरा टेकवते. कळलं की बोला."

लखमा वाट बघत बसला. मग वैतागून म्हणाला, "टेकव की गो! कवाचं बसवून ठेवलंय."

हर्षाली केव्हाची टेकवतच होती.

त्यानं डोळे उघडले. तिच्या हातातला नायलॉनचा दोरा त्याच्या तळव्यावर वाकलेला होता. फौजेत कधी घाबरला नव्हता तो माणूस. तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला. "पाय जाईल काय गो माझा?"

"आज आलात म्हणून वाचेल. पण शुगर वाढली की पाय मुका होतो काका. दुखत नाही, हेच तर दुखणं. फौजेत बूट कोण तपासायचं?"

"सुभेदारसाब."

"मग आता पाय तपासायला काकी सुभेदार. रोज सकाळी. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि हे कडक बूट बंद."

बंद! हा शब्द मला लागला. लखमानं मला शेवटचं पॉलिश केलं आणि माळ्यावर ठेवलं. खाली रोज सकाळी ऐकू यायचं, "पाय वर करा... बोटाच्या बेचक्यात बघू द्या... नीट पुसा!" आणि तो म्हणायचा, "येस साब!" जखम हळूहळू भरली. पाय वाचला. मी मात्र धूळ खात पडलो.

मग पुढच्या शिबिराच्या दिवशी लखमा माळ्यावर चढला. मऊ चपला घालून, मला काखेत मारून मुरबाडला गेला. सगळ्या जुन्या फौजींसमोर त्यानं माझ्यात एक हिरडा टाकला.

"मंगळू, घाल पाय."

मंगळूनं पाय उचलला.

"थांब रे! आदी हात घाल. मी नव्हता घातला."

मंगळूनं हात घातला आणि हिरडा बाहेर काढला. मग खाली बसून आपलाच तळवा उलटा करून बघायला लागला.

तेव्हापासून प्रत्येक शिबिराला माझी हजेरी लागते. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणा आजोबांना शुगर असेल. त्यांचे बूट पुसा, पण त्यांच्या तळव्याकडंही बघा. इतकी वर्षं माझ्यात पाय यायचा. आता आधी हात येतो, आणि मला तेच जास्त आवडतं.