कडं, टोपली आणि रूपाचा पंप

सिल्लोड रस्त्यावरच्या मैदानात पोलीस भरतीच्या पोरांची झुंबड उडाली होती. मधोमध शक्तिगुरू, पुढ्यात टोपली. टोपलीत गोळ्या, बाटल्या, इन्सुलिनचं पेन.

"औषध म्हंजी शरीराला शिवी," गुरू गरजला. "इथं टाका अन् ब्रह्मांडाच्या लहरीचं कडं घाला."

टोपलीतला श्वासाचा निळा पंप दिसला आणि करुणा मॅडम गर्दीतून पुढं घुसल्या. पंप रूपाचा होता. दम्याची पोर, आता आठशे मीटर पळणार.

"कडुबाभाऊ, पोरीचा पंप उचला."

"डोळ्यानं बघितलं मॅडम," रूपाचा बाप म्हणाला. "कड्याबिगर पडली, कडं घातल्यावर खांबावानी उभी. तुमच्या मशीननं नुसते ठिपके दावले."

मशीन म्हणजे दाबपट्टी. छातीचे एक डॉक्टर, क्रीडायंत्रं बनवणारा अतुल आणि आरोग्य शिकवणाऱ्या करुणा मॅडम, तिघं मिळून या पोरांचा दम आणि तोल अभ्यासत होते. पट्टीवर उभ्या माणसाचा भार कुठं झुकतो, ते पडद्यावरचा ठिपका सांगे.

"गुरुजी, तोच चमत्कार पट्टीवर होऊ द्या."

"ऊर्जेला वजन नसतं, बाई."

"मग भ्यायचं कशाला?"

पोरं हसली. गुरूला माघार घेता येईना. रूपा एका पायावर, हात पसरून उभी राहिली. गुरूनं हात दाबला. ठिपका तळव्याबाहेर पळाला, रूपा कोलमडली. कडं घालून परत दाबला. ठिपका जागचा हलला नाही.

"बघितलं? पहिल्यांदा यांनी हात खाली दाबत बाहेर ओढला. आता अंगाकडं ढकलला," मॅडम म्हणाल्या. "कडुबाभाऊ, तुम्ही करा. कडं राहू द्या, बाहेर ओढा."

रूपा पडली.

"आता कडं काढा. गुरुजींची चप्पल द्या तिच्या हातात. अंगाकडं दाबा."

रूपा ढिम्म उभी. पण तिच्या छातीतून शिट्टी येत होती, ओठ काळवंडत होते. कडुबानं टोपली उपडी केली, पंप शोधला, तिच्या तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं शिट्टी मंदावली. तोवर गुरूची गाडी खुलताबादकडं निघाली होती.

पोरं खाली मान घालून आपापली औषधं उचलू लागली. इन्सुलिनचं पेन तेवढं मातीत पडून राहिलं. कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा मालक कडं घालून केव्हाच पळायला गेला असणार.

अतुल पळणाऱ्या पोरांत त्याला हुडकायला धावला. मॅडमनी पेन उचललं.

"देव माना, नका मानू. पण कुणी तुम्हाला उभं करून दाखवलं, तर त्याचा हात कोणत्या बाजूला दाबतोय ते आधी बघा. अन् औषध सोडायला सांगणाऱ्याला विचारा, दम कोंडल्यावर तू असशील का इथं?"