डबीत जागी राहिलेली चिप

मित्रांनो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी मी एक चिप आहे, एका कानयंत्रात बसवलेली. आता मी कुणाच्या कानात नसते, म्हणून माझी गोष्ट तुम्हालाच सांगते.

मला दामिनीने घडवले. मुरबाड तालुक्यातल्या धसईजवळच्या पाड्यावरची ही मुलगी शिकली आणि पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागली. कमीत कमी विजेवर चालणाऱ्या चिप्स तयार करण्यातच तिची अठरा वर्षे गेली. इकडे तिची आई, बारकी, बहिरी होत चालली होती. बाजारातल्या कानयंत्राचा सेल आठवड्यात संपे आणि नवा आणायला एसटीने मुरबाड गाठावे लागे. म्हणून दामिनीने माझा ध्यास घेतला. माझ्या आधीच्या दोन बहिणी कारखान्यातून निकामी होऊन आल्या. मी मात्र नीट निघाले. शांततेत मी झोपते, आवाज आला की जागी होते. एका सेलवर तीन वर्षे चालते. मोठ्या परिषदेत माझे कौतुक झाले.

दामिनीने मला आईच्या कानात घातले.

"आये, येतंय का गो ऐकू?"

बारकीच्या डोळ्यांतून पाणी आले. "किती दिसांनी आवाज आयकला तुजा!"

दामिनी पुण्याला परतली आणि बारकीने मला काढून सुपारीच्या डबीत ठेवले.

शेजारची सोमी तिच्या कानाशी ओरडली, "अगो, बहिरेपण डबीला आलंय, का तुला? घाल की कानात!"

"नाय गो. कोंबड्यांची कलकल ऐकून सेल कशाला संपवू? माजी दामिनी येल तवा घालीन. पर तिला सांगू नको हां, रागवंल."

पेरणीसाठी राखलेल्या भाताच्या बियाण्याला त्या घरात कुणी हात लावत नसे. मलाही बारकीने तसेच राखले.

दर रविवारी सोमीच्या फोनवर दामिनी विचारी, "आये, काय जेवलीस?" त्या आवाजाने मी डबीत जागी होई. बारकी अंदाजाने म्हणे, "हो गो, बरी हाय." सोमी शब्द दिल्यामुळे गप्प राही.

उत्तर प्रश्नाशी जुळेना, म्हणून दामिनीला वाटले, ही चिपसुद्धा फसली. लाजेने तिने आईला काही विचारले नाही. गणपतीला ती आली नाही, दिवाळीलाही नाही. सुट्टीतही ती प्रयोगशाळेत बसून माझ्यातली चूक शोधत राहिली. चांगली चिप हाती आल्याशिवाय आईला तोंड दाखवायचे नाही, असे तिने ठरवले होते.

माघात दोन दिवसांच्या तापाने बारकी गेली.

सोमीने रडत रडत सगळे सांगितले आणि डबी दामिनीच्या हातात ठेवली. दामिनीने माझा सेल मोजून पाहिला. तो जवळजवळ भरलेला होता.

"आये, या चिपमधी चूक नव्हतीच गो, मीच याया पायजे होतं," ती म्हणाली. मी जागी झाले. ते शब्द मी नीट झेलले, पण ज्या कानात सोडायचे तो कान उरला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी तुम्ही दिलेली वस्तू जपून ठेवली असेल. ती आजच बाहेर काढा आणि वापरायला लावा. चार दिवस जवळ बसा. आणि फोनवर नुसतेच "बरी हाय" ऐकू आले, तर चूक शोधत बसू नका. मिळेल ती एसटी धरा.