'बा'ला दोन काने

शिवणाच्या दुकानात येणारं झाडून सगळं गिऱ्हाईक त्यांना मावशी म्हणायचं. म्हातारे म्हणायचे, पोरंसोरं म्हणायची, मावशींची तक्रार नव्हती. पण सख्खी नातसुद्धा मावशीच म्हणते हे कळलं, तेव्हा बाईंचा पारा असा चढला म्हणता, विचारू नका!

झालं होतं असं. लेक जपानात, जावई तिकडचाच, नातीला येतं फक्त जपानी. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणून मावशींनी मोठ्या हौसेनं आजीला काय म्हणतात ते पाठ केलं. रोज छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "मी ओबासान!" पोरगीही हात हलवून ओरडायची, "ओबासान!" केवढा तो आनंद! शेवटी लेकीलाच राहवलं नाही.

"आई, ओबासान म्हणजे मावशी गं. आजी म्हणजे ओबाऽसान. बा लांब."

"अगं, लांबच तर म्हणतेय! 'बा'ला काना आहे की. आणखी किती काने देऊ?"

"दोन दे. त्यांचा साधा आ आपल्यापेक्षा आखूड असतो."

हात्तिच्या! आणि शनिवारी लेक नातीला घेऊन येणार होती. दारात पाऊल टाकताच पोरीनं आजी म्हणूनच हाक मारली पाहिजे, मावशींनी चंगच बांधला.

शिलाई मशीनचं पायडल एकदा दाबलं की एक आवाज: ओ, बा, आ, सा, न. शेवटच्या नुसत्या 'न'लाही म्हणे अख्खा ठोका लागतो. कधी बा इतका ताणला जायचा, की कापड बेतणारा नवरा ओरडायचा, "अगं, आजी व्हायचंय की शेळी?"

"तुम्ही गप्प बसा हो! तुमचंही तेच आहे. ओजिसान म्हणालात तर आजोबाचे काका व्हाल."

नवऱ्याची कात्री थांबली. थोड्या वेळानं तोही पुटपुटायला लागला.

"मावशी, ब्लाउज झाला का?" गिऱ्हाईक विचारी.

"ओबाऽसान!"

"अं?"

"उद्या या, उद्या!"

आणि शुक्रवारी जमलं! पाचही ठोके अगदी बरोबर. मावशींनी नवऱ्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवलं.

शनिवारी दार उघडलं. नात आईच्या पायांना बिलगून उभी होती. "ओबासान," ती हळूच म्हणाली.

मावशींनी गुडघे टेकले, छातीवर हात ठेवला आणि अगदी मापात म्हणाल्या, "ओ-बा-आ-सा-न."

पोरगी बघतच राहिली. मग आईकडे वळून तिनं रडवेल्या आवाजात काहीतरी विचारलं. लेकीला हसूही आवरेना आणि डोळेही भरले.

"काय म्हणते गं?"

"विचारतेय, मग फोनवरची मावशी कुठे गेली? मला तीच हवीय."

इतका प्रवास करून पोरगी आली होती ती त्या मावशीला भेटायला!

"तिला सांग," मावशी म्हणाल्या, "दोघीही इथंच आहेत. तुझीच वाट बघत होत्या."

लेकीनं सांगितलं. पोरगी जरा विचारात पडली. मग पुढे आली आणि मावशींच्या एका गालावर हात ठेवून म्हणाली, "ओबासान." दुसऱ्या गालावर ठेवला. "ओबाऽसान."